शुक्रवारचा पक्षी आणि गुलाबशेठ

आमच्या घरमालकांनी मला खोली दाखवली तेव्हा नळ दाखवला नाही, खिडकी दाखवली नाही. जिन्याच्या भिंतीवर तळहात टेकवून त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, "बाई, झोप कशी हाय तुमची?"

मी म्हटलं, "बरी आहे."

"बरी चालायची न्हाय. जड पायजेल."

निजामपुऱ्याच्या त्या गल्लीत समोर लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने, मागे लूमचे कारखाने, आणि मधे यांचं एक मजली घर. मी सांगलीकडची. भिवंडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच रुजू झालेली. लूमचा आवाज म्हणजे काय असतो हे मला ठाऊक नव्हतं. काकांनी भिंतीवरचा हात न काढता मला पुढचं सगळं सांगून टाकलं. "पयल्या हप्त्यात रडाल. दुसऱ्यात सवय व्हईल. मयन्याभरानं शुक्रवारी झोप न्हाय येनार."

शुक्रवारी लूमना सुट्टी असते. झालं अगदी तसंच. महिन्याभराने एका शुक्रवारी पहाटे मी दचकून उठले. काय झालं म्हणून बघते तर काहीच झालं नव्हतं, आणि त्यानेच जाग आली होती.

काका मूळचे खारबावचे. चाळीसेक वर्षं त्यांनी लूम दुरुस्त करण्याचं काम केलं. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. आता ते निवृत्त होते, म्हणजे कुणी बोलावलं तर जायचे आणि कुणी नाही बोलावलं तरी जायचे. एकदा आम्ही भाजी आणायला निघालो होतो. एका कारखान्याच्या दारात ते थबकले, चपला काढल्या आणि सरळ आत शिरले. एका लूमच्या सांगाड्यावर त्यांनी तळहात टेकवला, डोळे मिटले आणि कारागिराला खूण केली. धोटा, म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळणारा तो लाकडी तुकडा, एका बाजूला किंचित आपटत होता. कारागीर उत्तर प्रदेशचा. तो कौतुकाने मला म्हणाला, "मॅडम, चाचा का कान नहीं है, मशीन है मशीन." काका हसले. कशाला हसले ते मला पुढे कळलं.

त्यांच्या उजव्या कानावर कायम खडू खोचलेला असायचा. लूमवर बिघाड दिसला की सांगाड्यावर खडूने लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस फसत नाही, ही त्या धंद्यातली रीत. काकांचा त्यावर आणखी एक नियम होता, की खडूने लिहिलेलं काम पुढच्या शिफ्टवर ढकलायचं नाही. हा नियम ते घरातही चालवायचे. जिन्याची अख्खी भिंत त्यांच्या अक्षराने भरलेली. "फ्रीज, दार नीट बसत नाही." "मिक्सर, वास येतो." मला ताप आला तेव्हा मीही भिंतीवर गेले. "बाई, गरम. दोन दिवस बंद." बरी होऊन खाली उतरले तर पुढे लिहिलं होतं, "चालू."

काकू या सगळ्याला कंटाळल्या होत्या, किंवा कंटाळल्यासारखं दाखवायच्या. बाई ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू, आणि स्वभाव तापट. निदान मला तसं वाटायचं, कारण काकांशी बोलण्याआधी त्या जमिनीवर दाणकन पाय आपटायच्या. "धप्" झालं की काका वर बघायचे, मग काकू बोलायच्या. "धप्. जेवायला चला." "धप्. गॅस संपलाय." काय ही नवऱ्याशी बोलायची पद्धत, असं मी मनात म्हणायचे. आईला फोनवरसुद्धा सांगितलं होतं.

गुलाबशेठ आमच्याकडे आला तो काकांच्या भाच्यामुळे. भाचा नोकरीसाठी दुबईला निघाला आणि जाताना काचेची एक टाकी ठेवून गेला. टाकीत वीतभर लांब, फिकट गुलाबी, चार पायांचा एक प्राणी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना तांबड्या झिरमिळ्या, डोळ्यांना पापण्या नाहीत, आणि तोंड असं की सदान्‌कदा हसतोय. भाचा त्याला मासा म्हणत होता. काकू पाल म्हणाल्या. मी जवळ जाऊन पाहिलं आणि ओरडलेच, "अहो, हा ॲक्सोलॉटल! सॅलमँडर आहे हा!"

मी सांगितलं, हा मासा नाही, पालही नाही, बेडकासारखा उभयचर आहे; मूळचा मेक्सिकोचा, तिथल्या एका जुन्या तळ्याच्या कालव्यांत राहणारा. जगभर लोकांच्या टाक्यांमधून पुष्कळ आहेत, पण त्याच्या स्वतःच्या पाण्यात आता अगदी थोडे उरलेत. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला नाव दिलं. "दिवसभर गार जागी बसून हसतो, काम काय करत न्हाय. म्हंजे शेठच की!" झाला गुलाबशेठ.

आता या शेठला पाणी लागायचं गार, आणि भिवंडीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक नसेल तर सुखी आहात. काकांनी पाण्याच्या बारा बाटल्या फ्रीजरमध्ये घातल्या. प्रत्येकीवर नंबर. एक बाटली गोठलेली टाकीत सोडायची, वितळली की परत फ्रीजरमध्ये, दुसरी पाण्यात. भिंतीवर त्यांचं वेळापत्रक लागलं. फर्स्ट शिफ्ट बाटली एक ते चार, सेकंड शिफ्ट पाच ते आठ, थर्ड शिफ्ट नऊ ते बारा. काकूंचे बोंबील फ्रीजमधून बाहेर पडले ते पडलेच. एकदा कारखान्याचा एक खराखुरा शेठ घरी आला. काकूंनी घाईत त्याच्यापुढे गार पाण्याची बाटली ठेवली. तो अर्धी प्यायला आणि म्हणाला, "व्वा, पानी मीठा है." काका गंभीरपणे म्हणाले, "हां शेठ. सात नंबर है. अभी ड्युटी से आया."

टाकीत भाच्याने एक सोनेरी मासाही सोडला होता. त्याने एक दिवस शेठचा पुढचा पाय कुरतडून टाकला. काकू रडल्या. मी म्हटलं, थांबा, तो परत येईल. काकांचा विश्वास बसेना. रोज सकाळी बॅटरी घेऊन ते टाकीसमोर उकिडवे बसायचे. काही आठवड्यांत आधी कोंब, मग बोटं, मग अख्खा पाय उगवला तेव्हा त्यांनी भिंतीवर लिहिलं, "पाय, नवीन. कंपनीचा पार्ट." मग बराच वेळ ते कानावरचा खडू चाचपत उभे राहिले. "मानसाला का न्हाय जमत हो ह्ये?" मी त्यांना पेशींबद्दल काहीबाही सांगितलं. त्यांना पेशी नको होत्या, हे मला तेव्हा उमगलं नाही.

तुलनेचं खूळ मात्र मीच घरात आणलं. सातवीच्या मुलांना मी एक प्रश्न घातला होता: 'फरक स्पष्ट करा. नामशेष झालेला गाणारा पक्षी आणि नामशेष होऊ घातलेला सॅलमँडर.' पुस्तकात असं काही नव्हतं, त्यामुळे मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं ते वेगळंच. मी जिन्यात बसून वह्या तपासत होते. काका डोकावले.

"ह्यात जिंकला कोन?"

"काका, फरक स्पष्ट करायचा आहे. जिंकायचं नाही कुणी."

"दोन लूम शेजारी लावले तर एक सरस असतोच." त्यांनी कानावरचा खडू काढला, भिंतीवर मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे 'पक्षी' लिहिलं, उजवीकडे 'गुलाबशेठ'. "गुलाबशेठ तर हाय. पक्षी दावा."

पक्षी दाखवायचा कुठून? हवाई बेटांवरचा ओओ नावाचा पक्षी तो. काळा, मांड्या पिवळ्या, बासरीसारखं गाणारा. कुठेच उरला नाही. पण शेवटच्या नराचा आवाज कुणीतरी टिपून ठेवलेला आहे आणि तो फोनवर ऐकायला मिळतो. मी लावला. लूमच्या खडखडाटात त्यातलं अक्षर ऐकू येईना. काका म्हणाले, "शुक्रवारी लावा."

शुक्रवारी सकाळी गल्ली गप्प होती. टाकीशेजारी स्टुलावर फोन ठेवला. पक्षी गायला लागला. काकांनी सवयीने स्टुलावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. आवाज संपल्यावर म्हणाले, "परत." तीनदा ऐकलं. मग बोलले, "बाई, ह्यो मधी मधी थांबतो. दम लागला म्हनून न्हाय. जागा ठेवतोय. कोनतरी पुढचं म्हनायचं, मंग परत ह्यानं."

पण मी त्यांना हे सांगितलेलंच नव्हतं. ओओची जोडी मिळून गायची, आणि हा शेवटचा नर आपली अर्धी बाजू गाऊन मादीच्या उत्तरासाठी थांबायचा. मादी कधीच मेली होती. मी पुस्तकात वाचलं होतं, काकांनी चुकलेला ठोका ओळखावा तसं ओळखलं.

"पुढचं मानूस न्हाय आलं," काका म्हणाले. काकू दारात वाल सोलत होत्या. सूप तिथेच ठेवून त्या आत निघून गेल्या.

मग काकांनी मला हळूच सांगितलं. काकू धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला, मांडवाला ज्या बायका धवले गातात त्या. खारबावपासून पडघ्यापर्यंत त्यांना बोलावणी यायची. एक ओळ काकू म्हणायच्या, तीच त्यांची धाकटी जाऊ मागून म्हणायची, मग काकू पुढची. जाऊ दोन वर्षांपूर्वी वारली आणि काकूंनी गाणं सोडलं. "एकटीनं म्हनत न्हाईत धवला," एवढंच कारण देतात. काका म्हणाले, "हळदीला गेली, की एक वळ म्हनते आन् थांबते. मंग लोकं टेप लावतात."

त्यानंतर शुक्रवारी पक्षी लावायचा हा नेमच झाला. भिंतीवरचा फरकही वाढत गेला. डावीकडे, "आवाज आहे, धनी नाही." उजवीकडे, "धनी आहे, आवाज नाही." डावीकडे, "सुटा पार्ट मिळत नाही." उजवीकडे, "स्वतः बनवतो." निकाल दर आठवड्याला बदलायचा. कधी पक्षी सरस, कारण मेल्यावरही गातो. कधी गुलाबशेठ, कारण गांडूळ खातो. ती गांडुळं काका खारबावच्या शेतातून डब्यातून आणायचे आणि रिक्षात त्या डब्याचं झाकण एकदा उघडलं होतं. तो किस्सा काकू माझ्यापेक्षा चांगला सांगतात.

एका रकान्यावर मात्र ते अडले. 'कान.' मी म्हटलं, सॅलमँडरला बाहेरचा कान नसतो, पाण्यातला हादरा त्याला कळतो. काकांनी टेबलावर टिचकी मारली. गुलाबशेठने मान वळवली. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी दिवसभर टिचक्या मारल्या आणि शेवटी काकूंनी दाणकन पाय आपटला.

मग तो शुक्रवार आला. मी स्टुलावर फोन लावला आणि दूध उतू जाईल म्हणून आत पळाले. बाहेर आले तर फोनवर पक्षी नव्हता, आधी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली होती. एक बाई घसा ताणून सांगत होती की तिच्या सासूबाई आता जिने चढतात. आणि काका डोळे मिटून, मान डोलवत, स्टुलावर बोटाने ठेका धरून बसले होते. बोट थबकायचं, पुन्हा चालायचं. अगदी पक्षी जिथे थांबतो तिथे. ते टाकीकडे झुकून गुलाबशेठला म्हणाले, "बग, आता थांबंल."

मी आधी हसले. वाटलं, थट्टा करताहेत. पाठीमागूनच म्हटलं, "काका, जाहिरात आहे." ते वळले नाहीत. मी मोठ्याने म्हटलं. नाहीच वळले. माझं हसू तोंडातच राहिलं. मी पुढे होऊन स्टुलाला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं, फोनवरची ती तेलाची बाटली पाहिली, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"कधीपासून?" मी विचारलं. त्यांनी माझ्या ओठांवरून ओळखलं.

"दिवालीपास्नं पक्षी न्हाय. त्याच्याआदी अर्धा व्हता." ते खडूशी खेळत होते. "म्हनून तर दर शुक्रवारी लावत व्हतो, बाई. किती उरलाय बगाया."

मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. मी विज्ञानाची शिक्षिका, वर्षभर एका घरात राहते, आणि मला कळू नये? पण कळणार कसं? लूमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात, नाहीतर हातवारे करतात. सहा दिवस तिथे ऐकू येणारा आणि न येणारा सारखाच. बहिरेपण उघडं पडायचं ते फक्त शुक्रवारी, आणि शुक्रवारी काका पक्ष्यासमोर डोळे मिटून बसायचे. लूमवर तळहात टेकवणं म्हणजे मिस्त्रीची लकब, असं सगळी गल्ली समजत होती. ते हातानेच ऐकत होते.

"कोनाला सांगू नका," ते म्हणाले. "मिस्त्रीला ऐकाया येत न्हाय म्हटल्यावर लूमला हात कोन लावू देल? आन् हिला तर बिलकुल न्हाय. तिनं गानं सोडलंय. मना ऐकू येत न्हाय कललं, तर परत कंदी तोंड उघडंल का ती? कोनासाठी उघडंल?"

मी शब्द दिला आणि आठ दिवस कसाबसा पाळला. काकूंकडे बघवेना. शेवटी त्यांनीच मला ओट्याशी गाठलं. "तोंड का पारलंस, बाय? त्यांचा कान ना?"

"काकू, तुम्हाला माहीत आहे?"

"ह्या पायाला इचार." त्यांनी जमिनीवर दाणकन पाय आपटला. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "आलो, आलो!"

तो तापटपणा नव्हता तर. फरशीतून काकांच्या पायांना हाक जायची. किती दिवस ही बाई नवऱ्याला तशी हाक मारत होती आणि त्याला कळू न देता त्याची अब्रू राखत होती! आईला मी काय काय सांगितलं होतं ते आठवून मला लाज वाटली.

"मग दवाखान्यात का नेलं नाहीत?"

"दोनदा आडून बोलले, ह्या वयात कान दावून घ्यावा म्हनून. मना काय झालंय म्हनतात. आपलं ते जनावर बग, त्याला तरी कुठं कान हाय, म्हनतात." काकू हात पुसून जिन्याकडे गेल्या. खाली पडलेला खडूचा तुकडा त्यांनी उचलला. त्या भिंतीवर त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. चौथी शिकलेल्या हाताने, सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: "मिस्त्री. कान. दुरुस्तीला न्यायचे."

काका बाहेर आले आणि वाचायला थांबले. काकूंचं अक्षर त्यांनी ओळखलं. तिला माहीत आहे हेही कळलं. बायकोशी त्यांनी वाद घातला असता, डॉक्टरशी घातला असता, माझ्याशी तर रोजच घालायचे. पण खडूने लिहिलेलं काम पुढच्या शिफ्टवर ढकलायचं नाही हा नियम त्यांचाच. त्यांनी टोपी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चला. कुठं असतो ह्यो कानाचा मिस्त्री?"

ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, पण मशीन लावलं तर उरलेलं कामाला येईल. मशीन आलं ते नेमकं गुरुवारी, आणि काका म्हणाले, शुक्रवारीच लावीन. शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं टाकीभोवती जमलो. गुलाबशेठ नेहमीप्रमाणे हसत होता. मी मशीन काकांच्या कानात बसवून दिलं. उजव्या कानावरचा खडू त्यासाठी पहिल्यांदाच डाव्या कानावर गेला. काकांनी डोळे मिटले. मी म्हटलं, काही येतंय का?

काकांच्या कपाळाला आठी पडली. "ह्या टाकीच्या पंपाचा आवाज बराबर न्हाय. मरनार दोन दिवसांत."

काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

मग मी पक्षी लावला. काकांनी स्टुलावर हात ठेवला नाही. ऐकत राहिले. "येतोय," म्हणाले. "समदा न्हाय. पन थांबतो ते ऐकू येतं." आवाज संपला. गल्ली गप्प. काका काकूंकडे वळले. "आता तू म्हन."

"येडे झालाव काय? एकटीनं म्हनत न्हाईत धवला."

"तो पक्षी एकटाच म्हनतो ना?"

"त्यो मेलाय," काकू म्हणाल्या. "मी जिती हाय." आणि वालाचं सूप पुढ्यात ओढून घेतलं. मी माझा फोन हळूच रेकॉर्डिंगला लावायला गेले तर त्यांनी डोळे वटारले. "ठेव तो. मना नको तसलं गानं, मेल्यावर वाजवाया."

बराच वेळ नुसते वाल सोलले जात होते. पंप खुरखुरत होता. काका मान खाली घालून बसले होते, मशीनच्या कानावर हात ठेवून. आणि मग, शेंगेवरची नजर न उचलता, काकूंनी सुरुवात केली. हळदीची ओळ होती, कुणा नवरीला मांडवात बोलावणारी. आवाज जाडसर, सरळ, जराही न लाडावलेला. मी वर्षभर त्या घरात होते आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ओळ संपली आणि सवयीने काकू थांबल्या. जावेची जागा त्यांनी रिकामी ठेवली.

मला ती जागा सोसवेना. पण मला धवला येत नाही, मी काय करणार?

काकांनी खाकरून घसा साफ केला आणि तीच ओळ मागून म्हटली. फाटक्या आवाजात, सुराला सोडून, दोन शब्द चुकवून.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "अवो, मर्दानं धवला म्हनतात काय कुठं?"

"रोजचा कारागीर न्हाय आला, म्हनून लूम बंद ठेवतात काय?" काका म्हणाले. "आज बदलीवर मी."

काकूंनी त्यांचे दोन्ही शब्द दुरुस्त करून सांगितले. मग पुढची ओळ म्हटली आणि त्यांच्याकडे बघत थांबल्या.